रायफलच्या नळीचे आटे आणि सप्रेसर: जोडणी सरळ बसली आहे की नाही, हे कसे तपासावे

न्यूझीलंडमध्ये हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाच्या रायफलवर सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचे आवाज कमी करणारे नळकांडे, नसला तरच लोकांना नवल वाटते. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये तपासणीचे काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि आता कँटरबरीच्या मैदानी भागात राहताना आसपासचे शेतकरी अधूनमधून आपली रायफल आणि नवा किंवा जुना सप्रेसर घेऊन माझ्या गॅरेजमध्ये येतात. त्यांना हवे असते ते इतकेच, की माझ्याकडच्या व्हर्निअरने आणि पिच गेजने (दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, ओळखण्याची दातेरी पाती) दोन्हींचे आटे एकमेकांचे आहेत का हे मी सांगावे. हा लेख त्या तपासणीविषयी आहे. आटे पाडणे, सप्रेसर बनवणे किंवा त्याच्या आतल्या पडद्यांत फेरफार करणे ही कामे अधिकृत गनस्मिथची आणि उत्पादकाची आहेत, त्यामुळे ती येथे येणार नाहीत. भारतातील वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की आपल्याकडच्या शस्त्र नियमांत बंदुकीचा आवाज कमी करणारी उपकरणे प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि सामान्य परवानाधारकाला ती बाळगता येत नाहीत. ज्या देशांत ती कायदेशीर आहेत, तेथेही नियम वेगवेगळे आहेत आणि ते आधी पाहिले पाहिजेत.

सप्रेसर लावायचा तो मुख्यतः कानांसाठी. .३०८ च्या (म्हणजे ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलचा आवाज नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या पुढे जातो, आणि एकाच बाराने कानाला कायमची इजा होण्याची मर्यादा साधारण १४० डेसिबल मानली जाते. चांगला सप्रेसर त्यातून २५-३० डेसिबल उतरवतो. मात्र त्याच्या आतील पडद्यांना, म्हणजे बॅफलना, जी भोके असतात ती गोळीपेक्षा फार मोठी ठेवता येत नाहीत, कारण भोक वाढवले की वायू अडत नाही आणि आवाजही अडत नाही. .३०८ साठीच्या सप्रेसरमध्ये गोळी आणि भोकाची कड यांच्यात प्रत्येक बाजूला बहुधा अर्धा ते पाऊण मिलिमीटर मोकळी जागा असते. सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने जाणारी गोळी एवढ्या फटीतून, एकामागून एक सहा-सात भोकांतून, कशालाही न शिवता बाहेर पडायची असते. तिने एखाद्या पडद्याला शिवले तर नशीब चांगले असल्यास पडद्यावर ओरखडा उठतो आणि गोळी भलतीकडे जाते. नशीब वाईट असल्यास सप्रेसर फाटतो किंवा नळीवरून उखडून पुढे फेकला जातो.

हे सर्व ज्यावर अवलंबून आहे, त्याबद्दल मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण मोठ्या अनुभवी शिकाऱ्यांचीही त्यात गफलत होते. आट्यांचे काम धरून ठेवण्याचे आहे. सप्रेसर सरळ ठेवण्याचे काम नळीवरचा खांदा करतो, ज्याला दुकानात सगळे शोल्डर म्हणतात. आटे संपतात तेथे नळीची जाडी एकदम वाढते आणि जी सपाट कडी तयार होते, तो हा खांदा. आट्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ते फिरणार नाहीत, आणि त्या फटीमुळे सप्रेसर पूर्ण बसेपर्यंत थोडा डुलतो. तो डुलणे थांबवून नळीच्या अक्षाशी काटकोनात उभा करतो तो खांदा. म्हणून तपासणीचे दोन भाग पडतात: आटे एकमेकांचेच आहेत का, आणि खांदा व सप्रेसरची मागची कड एकमेकांना पूर्ण गोलाईत टेकतात का.

सुरुवातीची तयारी

रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून वेगळा ठेवा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, बोट घालून ते रिकामे असल्याची खात्री करा. गोळ्या त्या खोलीतच नकोत. पुढे नळीच्या तोंडाशी डोळा नेण्याचे आणि नळीत गज घालण्याचे काम आहे, तेव्हा हे सोपस्कार म्हणून करायचे नाही. माझ्या टेबलावर बोल्ट डाव्या हाताला, एका ठरलेल्या ताटलीत असतो. ताटली रिकामी दिसली की मी रायफलला हात लावत नाही.

लागणारी साधने साधी आहेत: चांगला व्हर्निअर, मेट्रिक आणि इंची अशा दोन्ही पात्यांचा स्क्रू पिच गेज, नायलॉनचा ब्रश, थोडे स्पिरिट, टॉर्च आणि भिंग. यांखेरीज नळीच्या कॅलिबरसाठी खास ग्राइंड केलेला सरळ पोलादी गज लागतो, जो दुकानात अलाइनमेंट रॉड म्हणून मिळतो. सफाईचा गज त्याच्या जागी चालत नाही, कारण तो थोडा वाकलेला असतोच आणि नळीत सैलही बसतो.

दोन्ही बाजूंचे आटे स्पिरिटने आणि ब्रशने स्वच्छ करा. जुन्या सप्रेसरच्या तोंडाशी कार्बनची काळी खपली बसलेली असते आणि नव्या रायफलच्या खांद्यावर कित्येकदा रंगाचा किंवा कोटिंगचा थर असतो. हे आधी काढले नाही तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते.

बाहेरचा व्यास

नळीवर बाहेरचे आटे असतात. त्यांच्या माथ्यावरून व्हर्निअर धरून तीन ठिकाणी, नळी थोडी थोडी फिरवून, व्यास मोजा. येथे नवख्याचा गोंधळ होतो तो असा की आकडा कधीच नावाइतका भरत नाही. बाहेरच्या आट्यांचे माथे मापापेक्षा किंचित कमीच ठेवलेले असतात. त्यामुळे अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर असले तरी वाचन १२.५ ते १२.७ च्या दरम्यान येते. ५/८ इंचाच्या आट्यांचे वाचन १५.६५ ते १५.८५, एम १४ चे (एम म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा मिलिमीटरमधला व्यास) १३.८ ते १४, एम १५ चे १४.८ ते १५ आणि एम १८ चे १७.८ ते १८ मिलिमीटर येते. वाचन १४.९ आले की ‘हा १५ चा झिजलेला आटा’ असे म्हणायचे कारण नाही; तो धडधाकट एम १५ आहे.

अमेरिकी पद्धतीच्या रायफलींवर सामान्यतः दोन मापे आढळतात: लहान कॅलिबरसाठी १/२-२८ आणि .३०८ च्या घराण्यासाठी ५/८-२४. यात पहिला आकडा इंचातला व्यास आणि दुसरा एका इंचातील आट्यांची संख्या. युरोपीय रायफलींवर एम १४×१, एम १५×१ आणि जाड नळीवर एम १८×१ दिसतात. येथे दुसरा आकडा म्हणजे दोन आट्यांमधील अंतर, मिलिमीटरमध्ये. ब्रिटिश वळणाच्या .२२ रायफलींवर आणि एअर रायफलींवर १/२-२० हे माप फार जुन्या काळापासून चालत आले आहे. न्यूझीलंडच्या बाजारात ही सगळी मंडळी एकाच काउंटरवर एकमेकांशेजारी पडलेली असतात, आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

पिच, आणि ‘बसतंय की’ची गोष्ट

एका शेजाऱ्याने जुनी युरोपीय रायफल घेतली आणि मित्राकडचा सप्रेसर उसना आणला. माझ्याकडे आला तेव्हा सप्रेसर नळीवर लावलेलाच होता आणि त्याचे म्हणणे असे की तो छान बसतो, फक्त शेवटी थोडा आवळतो. मी हात लावला तर खरोखरच घट्ट होता. मात्र खांदा आणि सप्रेसरची मागची कड यांच्यात टॉर्चचा उजेड आरपार दिसत होता. नळी होती एम १५×१ ची आणि सप्रेसर होता ५/८-२४ चा.

हे कसे घडते ते आकड्यांतून पाहिले की पुन्हा विसरत नाही. ५/८-२४ च्या आतल्या आट्यांचा सगळ्यांत अरुंद व्यास कागदोपत्री १४.७३ मिलिमीटर असतो आणि एम १५ चा बाहेरचा व्यास १५. म्हणजे एकीकडचा माथा दुसरीकडच्या खाचेत प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१३ मिलिमीटर शिरतो; नेहमीच्या जोडणीत तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक शिरलेला असतो. नखाने धरल्यासारखी ही पकड आहे. त्यात इंचाला २४ आटे म्हणजे पिच १.०५८ मिलिमीटर, आणि नळीचा पिच १ मिलिमीटर. दर आट्यामागे ०.०५८ चा फरक साचत जातो. सैल असल्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या आरामात जातात आणि आठेक फेऱ्यांनंतर साचलेला फरक उरलेली सगळी फट खाऊन टाकतो. मग सप्रेसर आवळल्यासारखा वाटतो. हा घट्टपणा खांद्याचा नसतो, आटे एकमेकांत अडकल्याचा असतो. अशा सप्रेसरमधून बार काढला असता तर काय झाले असते याचा विचार शेजाऱ्याने माझ्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून बराच वेळ केला.

त्यामुळे पिच गेज लावताना घाई नको. १ मिलिमीटरचे पाते आणि इंचाला २४ चे पाते चार आट्यांवर धरले तर दोन्ही बरे बसल्यासारखे दिसतात, कारण तेवढ्या लांबीत फरक पाव मिलिमीटरहूनही कमी असतो. पाते आट्यांच्या पूर्ण लांबीवर, अक्षाला समांतर धरा आणि मागून टॉर्च लावा. दहा-बारा आट्यांत चुकीचे पाते अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकलेले असते, आणि एका टोकाला दात खाचेत बसला तर दुसऱ्या टोकाला तो माथ्यावर चढलेला स्पष्ट दिसतो. योग्य पात्याखाली उजेडाची रेघही शिल्लक राहत नाही. दोन्ही मापपद्धतींत आट्यांचा कोन ६० अंशाचाच असल्याने कोनावरून ओळख पटत नाही. पिचच पाहावा लागतो.

दुसरी हमखास चूक म्हणजे १/२-२० आणि १/२-२८. दोन्हींचा व्यास एकच, त्यामुळे व्हर्निअर दोन्हींना पास करतो. पण १.२७ आणि ०.९०७ मिलिमीटर पिच असलेले हे आटे दीड-दोन फेऱ्यांतच अडतात, आणि तेथे ‘जरा जोर लावू’ म्हणून पाना घेतला की नळीचे पहिले दोन आटे जातात. .२२ ची रायफल आणि हातातला पाना, एवढ्या सामग्रीवर चांगली नळी खराब झालेली मी पाहिली आहे.

याच्या उलट, एम १४ चा सप्रेसर १/२-२८ च्या नळीवर टोपीसारखा सरकतो, आटे एकमेकांना शिवतही नाहीत. हा प्रकार निदान फसवा नाही, कारण तो लगेच कळतो.

आट्यांची दिशाही पाहून घ्या. शिकारीच्या बहुतेक रायफलींवर उजवे आटे असतात, परंतु एके-४७ च्या घराण्यातील कित्येक रायफलींवर एम १४×१ हे माप डाव्या आट्यांत येते. नळी उभी धरली असता आटे उजवीकडे चढत गेलेले दिसले तर ते उजवे, डावीकडे चढले तर डावे.

सप्रेसरच्या आतले आटे घरी अचूक मोजणे अवघड आहे. तेथे कोरलेले माप, उत्पादकाचा कागद आणि प्रत्यक्ष हाताने बसवून पाहणे यांवर विसंबावे लागते. शंका राहिली तर गनस्मिथकडे प्लग गेज असतो. त्याचे ‘गो’ टोक आत जावे आणि ‘नो-गो’ टोक जाऊ नये, एवढ्यावर निकाल लागतो. नळीसाठी तसाच रिंग गेज असतो. जुन्या सप्रेसरवरचे कोरीव माप मधल्या काळात कोणी बुश, म्हणजे आटे असलेला बदलता तुकडा, बदलल्यामुळे खोटे ठरलेलेही असू शकते, म्हणून वापरलेल्या मालाच्या बाबतीत गेज लावून घ्यायला मी आवर्जून सांगतो.

आटे जुळले तरी कॅलिबर वेगळे असते

या मुद्द्यावर लोक डोके वापरत नाहीत, कारण आटे जुळल्याचा आनंद झालेला असतो. ६.५ मिलिमीटरच्या लोकप्रिय रायफली आणि .३०८ च्या रायफली, दोन्हींवर ५/८-२४ सर्रास असतात. ६.५ च्या गोळीचा खरा व्यास ६.७१ मिलिमीटर असतो आणि .३०८ चा ७.८२. म्हणजे .३०८ चा सप्रेसर ६.५ वर लावला तर फारतर आवाज थोडा अधिक येतो. उलट केले तर पहिल्याच बाराला सप्रेसर संपला. एकाच कपाटात दोन रायफली असलेल्या घरात सप्रेसरवर ठळक रंगाची पट्टी लावून तशीच पट्टी रायफलवर लावावी. अंधारात, पहाटे चारला, थंडीत बोटे बधिर झालेली असताना कोरीव अक्षरे कोणी वाचत नाही.

कॅलिबरबरोबर उत्पादकाने सांगितलेली नळीची किमान लांबी आणि काडतुसाचा प्रकारही पाहावा. भोक पुरेसे मोठे असले तरी .२२ साठी बनवलेल्या हलक्या नळकांड्याला मोठ्या काडतुसाचा दाब सोसत नाही.

.३०८ च्या नळीवर अर्ध्या इंचाचे आटे का टाळतात, हेही येथेच सांगतो. १/२-२८ च्या आट्यांच्या तळाचा व्यास साधारण ११.६ मिलिमीटर येतो, त्यातून ७.८२ चे भोक वजा केले तर नळीची भिंत प्रत्येक बाजूला १.९ मिलिमीटर उरते. ५/८-२४ मध्ये तळाचा व्यास १४.६ असल्याने भिंत ३.४ मिलिमीटर राहते. पातळ नळीची जुनी रायफल आटे पाडून घेण्यासाठी गनस्मिथकडे नेली आणि त्याने नकार दिला, तर तो काम टाळत नसून हे गणित करत असतो.

खांदा

आता मुख्य भाग. खांद्याची सपाट कडी भिंगाखाली पाहा. तिच्यावर बर (कापताना राहिलेली धातूची बारीक धार), ठेच लागून उठलेला उंचवटा, रंगाचा थेंब किंवा गंज नको. बोटाच्या नखाने गोलाकार फिरून पाहिले तर अडखळणारी जागा कळते. खांदा आणि आटे यांच्या कोपऱ्यात गोलाई उरलेली असेल तर सप्रेसरची कड त्या गोलाईवर चढते आणि सपाट भागाला टेकतच नाही. म्हणून तेथे एक छोटी खाच, म्हणजे रिलीफ, दिलेली असते किंवा सप्रेसरच्या तोंडाशी तेवढी जागा मोकळी ठेवलेली असते. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती जोडी एकमेकांसाठी नाही.

येथील चूक किती महाग पडते याचा हिशेब सोपा आहे. समजा खांद्याचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि एका बाजूला ०.०५ मिलिमीटर जाडीचा कचरा अडकला आहे. छपाईचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हा कचरा त्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. २० मिलिमीटरला ०.०५, तर २०० मिलिमीटर लांबीच्या सप्रेसरच्या पुढच्या टोकाला दहापट, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्रत्येक बाजूची मोकळी जागाही जवळपास तेवढीच होती. कार्बनची एक खपली एवढे सहज करते. सप्रेसर जितका लांब आणि खांदा जितका अरुंद, तितका हा गुणाकार वाढतो.

लांबीही जुळली पाहिजे. नळीवरच्या आट्यांची लांबी सप्रेसरच्या आतल्या जागेपेक्षा जास्त असेल तर नळीचे तोंड आत जाऊन टेकते आणि खांदा अधांतरी राहतो. व्हर्निअरच्या शेपटीने सप्रेसरच्या मागच्या कडेपासून आतल्या पायरीपर्यंतची खोली मोजा, नळीच्या तोंडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजा, आणि खोली थोडी अधिक आहे याची खात्री करा. काही जोडण्यांत उत्पादकाने मुद्दाम वेगळी रचना केलेली असते, उदाहरणार्थ शंकूच्या आकाराची बैठक. तेथे कोणता पृष्ठभाग टेकायचा हे त्याच्याच कागदात पाहावे.

मग हाताने, कोणतेही अवजार न घेता, सप्रेसर चढवा. पहिला आटा पकडण्यापूर्वी त्याला हलकेच उलटा फिरवा; आट्यांची तोंडे एकमेकांसमोर आली की हलकासा ‘टक’ लागतो, आणि तेथून सुलटा फिरवला की तिरपा चढत नाही. आमच्या जुन्या फोरमननी शिकवलेली ही सवय लोखंडी पाइपापासून घड्याळाच्या झाकणापर्यंत सगळीकडे उपयोगी पडली. फिरताना तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच हलक्या हाताने फिरायला हवा. खांद्याला टेकला की तो एकदम, ठामपणे थांबतो. तेथे स्पंजासारखा दबल्याची भावना आली तर काहीतरी मध्ये आहे.

टेकण्याची खरी साक्ष निळीतून मिळते. टूलरूममध्ये आम्ही प्रशियन ब्लू वापरत असू. तो नसेल तर जाड मार्करची शाईही चालते. खांद्यावर अगदी पातळ थर द्या, सप्रेसर हाताने घट्ट बसवा, काढा आणि त्याची मागची कड पाहा. निळी पूर्ण गोलाईत उठली असेल तर बैठक चांगली. अर्ध्याच गोलाईत उठली असेल तर एक तर कचरा आहे किंवा खांदा नळीच्या अक्षाशी काटकोनात नाही. स्वच्छ करून दोनदा तपासूनही निळी एकाच बाजूला येत असेल तर रायफल लेथवर गेली पाहिजे. कानस घेऊन घरी खांदा ‘सपाट’ करण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये.

गजाची चाचणी

खांदा बरोबर आणि आटे बरोबर, एवढ्यावर थांबता येत नाही, कारण आटे आणि खांदा दोन्ही एकमेकांशी जुळलेले पण नळीच्या भोकाशी तिरपे असू शकतात. नळीचे भोक तिच्या बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मध्ये असेलच असे नाही. आटे पाडताना कारागिराने बाहेरची गोलाई धरून नळी लेथवर बांधली असेल तर आटे बाहेरच्या गोलाईला समकेंद्री होतात, भोकाला होत नाहीत. चांगला गनस्मिथ डायलचा काटा भोकावर लावून नळी जुळवतो. काम करून घेताना ‘डायल भोकावर लावणार का’ एवढे विचारले तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळते.

नळी आणि सप्रेसर दोन्ही आतून पुसून कोरडे करा, सप्रेसर पूर्ण बसवा आणि रायफल आडवी, स्थिर धरा. कॅलिबरचा गज सप्रेसरच्या पुढच्या तोंडातून अलगद आत घाला. तो पडद्यांतून न अडखळता जाऊन नळीत शिरला पाहिजे आणि नळीत निदान सप्रेसरच्या लांबीइतका तरी आत गेला पाहिजे, नाहीतर तो नळीचा अक्ष दाखवणार नाही. पुढच्या झाकणाच्या भोकात गज कोठे उभा आहे ते टॉर्चने पाहा. भोवती सगळीकडे सारखी फट दिसायला हवी. फट किंचित एकीकडे झुकलेली असेल तर सप्रेसर काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवा. गजाचे वजन त्याला खाली ओढते, म्हणून रायफल उलटी धरूनही पाहावे. झुकाव रायफलबरोबर फिरला तर दोष जोडणीत आहे. तो नेहमी जमिनीकडेच राहिला तर तो गजाच्या वजनाचा. फट एका बाजूला दुसरीच्या निम्म्याहून कमी दिसली तर मी स्वतः त्या जोडीतून बार काढणार नाही, आणि गज कडेला शिवला तर प्रश्नच मिटला. उत्पादकाने स्वतःची मर्यादा दिली असेल तर ती माझ्या अंदाजापेक्षा मोठी.

काही जण बोल्ट काढून चेंबरकडून नळीत पाहतात आणि सप्रेसरचे तोंड गोल दिसले की समाधान मानतात. मोठी चूक त्यातून दिसते. अर्ध्या मिलिमीटरची दिसत नाही.

चाचणी संपली की गज बाहेर काढा आणि तो टेबलावर दिसतो आहे हे पाहिल्याशिवाय बोल्ट रायफलमध्ये घालू नका.

मधले तुकडे: वॉशर, अडॅप्टर, माउंट

सप्रेसर आणि खांदा यांच्यामध्ये जे काही येते ते बैठक बिघडवू शकते. फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाची ज्वाळा लपवणारा तुकडा) बसवताना वापरतात तो क्रश वॉशर दाबला की एकसारखा चिरडत नाही, एका बाजूला कमी आणि दुसरीकडे जास्त बसतो. म्हणून त्याच्यावर सप्रेसरचे माउंट, म्हणजे नळीवर आधी बसवायचा जोडतुकडा, बसवू नये. स्प्रिंग वॉशरचेही तेच. माउंटला ठराविक दिशेत थांबवायचे असेल तर सपाट, अचूक जाडीचे शिम (पातळ चकत्या) वापरतात, आणि ते शिम खांद्यापेक्षा बाहेर आलेले नसावेत. माउंट कायमचे बसवण्यासाठी रॉकसेटसारखे उष्णता सोसणारे सिरॅमिक चिकट द्रव्य वापरण्याची पद्धत आहे, कारण साधे थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारे द्रव्य) सप्रेसरच्या तापमानाला टिकत नाही. रॉकसेट सुकायला रात्रभर द्यावी आणि पुढे कधी काढायचे झाले तर ते पाण्यात भिजवून सुटते. खांद्यावर मात्र त्याचा थेंबही पडू नये.

अलीकडच्या अनेक सप्रेसरांच्या मागच्या बाजूला १.३७५-२४ असे मोठे आटे असतात, ज्यांत हव्या त्या मापाचे बुश किंवा माउंट बसवता येते. सोय चांगली आहे, पण आता एकाऐवजी दोन बैठका झाल्या आणि निळीची चाचणी दोन्हींवर करावी लागते. आट्यांचे माप बदलणाऱ्या अडॅप्टरांबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे: एकावर एक दोन अडॅप्टर चढवण्यापेक्षा योग्य मापाचा बुश मागवावा. प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा तिरपेपणा असतो आणि त्याची बेरीज होऊन तो पुढच्या टोकाला पोचतो.

न्यूझीलंडमध्ये पसंतीच्या असलेल्या, नळीवर मागे सरकून बसणाऱ्या सप्रेसरांत मागच्या टोकाला एक बुश नळीला आधार देतो. तो बुश नळीला घट्ट दाबून एका बाजूला ढकलत असेल तर खांद्याची बैठक चांगली असूनही सप्रेसर वाकतो. बुश आणि नळी यांच्यात किती फट हवी हे उत्पादक सांगतो. ढकलाढकल होत नाही एवढे आपण पाहावे.

मैदानावर

पहिले बार जवळच्या अंतरावर, कागदाच्या मोठ्या लक्ष्यावर, कानाला संरक्षण लावून काढा. आधी सप्रेसरशिवाय तीन आणि मग सप्रेसरसह तीन. सप्रेसरच्या वजनामुळे गोळ्यांचा समूह थोडा सरकतो, ते स्वाभाविक आहे. समूह विखुरला, कागदावरचे भोक गोल न येता आडवे लांबट आले किंवा एखादी गोळी भलतीकडे गेली, तर तेथेच थांबा, रायफल रिकामी करा, सप्रेसर काढा आणि पुढच्या झाकणाच्या भोकाची कड भिंगाखाली पाहा. तांब्याची चमकदार रेघ दिसली तर गोळी शिवली आहे. असा सप्रेसर उत्पादकाकडे गेला पाहिजे. पुन्हा एक बार काढून ‘खात्री’ करण्यासारखे त्यात काही नाही.

थेट आट्यांवर बसणारे सप्रेसर बारागणिक तापतात आणि हळूहळू सैल होतात. दर पाच-सहा बारांनी रायफल रिकामी करून, हातमोजा घालून, तो खांद्याला टेकलेला आहे का हे पाहावे. मी नळी आणि सप्रेसरवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतो. दोन्ही रेघा समोरासमोर असल्या की हात लावायचीही गरज पडत नाही.

घरी आल्यावर सप्रेसर नळीवर तसाच ठेवू नये. जळलेल्या दारूची राख ओल धरते, आणि पावसाळी डोंगरातून आलेली रायफल रात्रभर तशीच राहिली तर आट्यांत आणि खांद्यावर तांबूस गंज दिसू लागतो. सप्रेसर काढून, थंड करून, तोंड खाली करून सुकू द्यावा, आटे ब्रशने पुसून त्यांना तेलाचा अगदी हलका हात द्यावा, आणि खांदा मात्र कोरडा पुसून नळीवर आट्यांची टोपी घालून ठेवावी. पुढच्या खेपेला सप्रेसर चढवण्याआधी ती टोपी काढली की सगळ्यात आधी नजर खांद्यावर जाऊ द्यावी.